कुंपणापलीकडचा आगमनकाळ

मार्गशीर्षातल्या पहाटे पलूसच्या शिवारावर धुके उतरते. द्राक्षबागायतदाराला ते नकोसे असते. घडांवर रोग पडेल या धास्तीने तो तांबडे फुटण्याआधीच फवारणीला बाहेर पडतो. रस्त्याने उसाच्या गाड्या लागलेल्या असतात. कृष्णाकाठी औदुंबरला दत्तजयंतीची लगबग, घरोघरी गुरुवारची लक्ष्मीपूजा, आणि याच दिवसांत आम्हां कॅथलिक कुटुंबांचा आगमनकाळ. या मुलखात डिसेंबर महिन्यात जो तो कशाची ना कशाची वाट पाहत असतो.

१९१० साली किर्लोस्करवाडी वसली, तेव्हापासून या माळावर परगावची माणसे पोटापाण्यासाठी येत राहिली. आमच्यातलीही बरीच कुटुंबे नोकरी-बदलीच्या निमित्तानेच इकडे आली. संख्येने आम्ही मूठभर. आम्ही ज्या शाळेत शिकवतो तिच्या पटावर ख्रिस्ती मुले बोटांवर मोजण्याइतकी. बाकी हिंदू, मुसलमान, जैन, नवबौद्ध. तरी आगमनकाळ हा साऱ्या शाळेचा असतो. दर सोमवारी परिपाठाच्या वेळी हिरव्या चक्रावरची एकेक मेणबत्ती पेटते, तीन जांभळ्या आणि तिसऱ्या आठवड्याची गुलाबी. मुले खाऊच्या पैशांतून रुपया-दोन रुपये पेटीत टाकतात आणि सहावीचा वर्ग गव्हाणी उभारतो.

काही वर्षांपूर्वीच्या अशाच एका डिसेंबरात शाळेच्या कुंपणापलीकडच्या पडीक रानात ऊसतोड मजुरांच्या कोप्या पडल्या होत्या. कुणी बीडकडचे, कुणी आमच्याच जिल्ह्यातल्या जत तालुक्याचे. नवराबायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची, म्हणून दोघेही पहाटेच्या काळोखात फडावर जात. मागे राहत ती पोरे आणि त्यांना सांभाळणारी जरा मोठी पोर.

आमची मुले पुठ्ठ्याचा गोठा उभा करीत होती. तो दोनदा कोसळला. कुंपणाशी उभा असलेला आठ-नऊ वर्षांचा एक मुलगा म्हणाला, "असं न्हाई ऱ्हायाचं ते. बांबू वाकवा की." त्याला आत बोलावले. त्याने बांबू वाकवून बांधले, वर पाचट शाकारले आणि घटकाभरात कोपी उभी केली. "शाळेत जातोस का?" असे विचारल्यावर म्हणाला, "गावाकडं जात होतो. आता पट्टा पडल्यावर." म्हणजे कारखान्याचा हंगाम संपल्यावर, मार्च-एप्रिलात. तोवर त्याचे वर्ष सरलेले असणार.

१२२३ साली ग्रेचो गावी संत फ्रान्सिसने खरा बैल, खरे गाढव आणि खरे गवत आणून गव्हाणी मांडली, ती बाळ येशूचे दारिद्र्य लोकांना डोळ्यांनी दिसावे म्हणून. आमच्या गव्हाणीत ते दारिद्र्य स्वतःच्या पायांनी चालत आले होते. त्याला नाताळनंतर कुंपणाबाहेर परत पाठवायचे काय, हा प्रश्न शिक्षकांच्या बैठकीत निघाला.

कायद्याने आमच्या दारावर थाप मारली नव्हती. २००९ चा शिक्षणहक्क कायदा सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलासाठी आहे. परंतु अल्पसंख्याकांच्या शाळांना तो लागू नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली दिला होता. (पुढे २०२५ मध्ये न्यायालयानेच त्याविषयी शंका व्यक्त करून प्रश्न मोठ्या पीठाकडे सोपवला.) एक सहकारी कळकळीने म्हणाले, "चार महिन्यांत ही मुले काय शिकणार? आणि फी भरणाऱ्या पालकांना आपण काय सांगायचे?" त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. मुख्याध्यापिका धर्मभगिनींनी त्यावर वाद घातला नाही. "आधी मुले किती आहेत ती मोजून या," एवढेच त्या म्हणाल्या.

मुले चौदा भरली. शाळा सुटल्यावर व्हरांड्यात दोन तास वर्ग घ्यायचा ठरले. पेटीतल्या पैशांतून पाट्या आणि वह्या आल्या. एका बागायतदार पालकांनी सतरंज्या दिल्या. दोघा-तिघांनी नाराजी बोलून दाखवली, तीही आम्ही ऐकून घेतली.

खरी अडचण वेगळीच निघाली. अकरा वर्षांच्या एका मुलीची आई वर्गाच्या पायरीशी येऊन म्हणाली, "बाई, हिला शिकवाल, पण माझं धाकलं कोण बघंल?" आमच्या पाठ-टाचणात या प्रश्नाला उत्तर नव्हते. शेवटी धाकट्यालाही घेऊन ये, असे सांगितले. मग कडेवरच्या बाळांसह मुली येऊ लागल्या. आमच्यातल्या गृहिणींनी बाळे सांभाळण्याच्या पाळ्या लावून घेतल्या. रडारडीत बाराखडी चालली. नाताळपर्यंत ती मुलगी आपले, आईचे आणि गावाचे नाव लिहू लागली. मग तिने बाळाचेही नाव लिहिले.

मार्चअखेर पट्टा पडला. एका सकाळी रान मोकळे दिसले. तीन दगडांच्या काळवंडलेल्या चुली तेवढ्या उरल्या होत्या. कोण काय शिकले याच्या चिठ्ठ्या गावाकडच्या शाळेत दाखवण्यासाठी आम्ही आधीच मुलांजवळ दिल्या होत्या. त्यांतल्या किती गुरुजींच्या हाती पडल्या, देव जाणे. पुढल्या हंगामात काही मुले परतली, काही नवी आली. गव्हाणी उभारणारा मुलगा मात्र पुन्हा दिसला नाही.

वाचकहो, उचलीचा फास एका व्हरांड्याने सुटत नाही, हे आम्ही जाणतो. पण आगमनकाळ म्हणजे प्रभू येईल तेव्हा त्याला जागा आहे ना, हे पाहणे. बेथलेहेमच्या उताऱ्याच्या घरातली माणसे दुष्ट होती असे शुभवर्तमान सांगत नाही. त्यांच्याकडे जागा नव्हती, एवढेच सांगते. आपल्या धर्मग्रामाच्या आसपासही वीटभट्टी असेल, बांधकाम असेल, उसाचा फड असेल. पहिली मेणबत्ती पेटण्याआधी तिथली मुले मोजून यावीत. आम्ही दिवाळी सरली की सतरंज्या उन्हात टाकतो आणि कुंपणापलीकडे कोप्या पडण्याची वाट पाहतो.