तिला कोण ओळखत होते?

घरातल्या मुलीने सिनेमात जायचे नाव काढले, की आमच्या वऱ्हाडी मुसलमान घरांत अब्बा गप्प होत आणि खाला म्हणत, "पोट्टी हातची गेली." अकोला काय, अमरावती काय, सारखेच. सिनेमा मात्र सगळ्यांना हवा. राजकमल चौक, चित्रा चौक ही अमरावतीतली नावे आम्ही आजही रिक्षावाल्याला सांगतो. पडद्यावरची बाई चालायची; ती आपल्या घरातली नसावी, एवढीच अट.

खरे तर या पडद्याच्या पहिल्या बायांत आपल्याही बाया होत्या. फातमा बेगम यांनी १९२६ साली 'बुलबुल-ए-परिस्तान' दिग्दर्शित केला. त्या भारतातल्या पहिल्या स्त्री-दिग्दर्शक मानल्या जातात. त्यांचीच मुलगी झुबेदा १९३१ साली 'आलम आरा' या पहिल्या भारतीय बोलपटाची नायिका झाली.

आंतोनिओ पिएत्रांजेली यांचा १९६५ सालचा एक इटालियन चित्रपट आहे. नावाचा अर्थ, 'मी तिला चांगली ओळखत होतो.' खेड्यातली आद्रियाना नाव कमवायला रोमला येते. ती भूमिका स्टेफानिया सांद्रेल्लीने केली आहे. केशभूषेच्या दुकानात काम, किरकोळ जाहिराती, रात्रीच्या पार्ट्या. तिची मुलाखत घेतात आणि अशी कापून दाखवतात, की थिएटर हसते. ती प्रेक्षकांतच बसलेली असते. शेवटी ती गच्चीवरून उडी घेते. ओळखणारे पुष्कळ होते. विचारणारा कोणी नव्हता.

आपल्याकडे श्याम बेनेगल यांचा 'झुबेदा' २००१ साली आला. ही झुबेदा 'आलम आरा'वाली नव्हे. पत्रकार खालिद मोहम्मद यांनी आपल्या आईची कहाणी लिहिली. त्यातल्या मुलीला सिनेमात काम करायचे असते. बाप ते तोडतो आणि निकाह लावून देतो. ती गेल्यावर मुलगा एकेकाला विचारत फिरतो, माझी आई कशी होती? प्रत्येकाची झुबेदा वेगळी. तिची स्वतःची सांगायला तीच उरलेली नसते.

म्हणून आम्हांला हंसा वाडकर मोठ्या वाटतात. १९३६ च्या 'विजयाची लग्ने'पासून त्या पडद्यावर आल्या, १९५९ च्या 'सांगत्ये ऐका'ने घराघरांत पोचल्या. लोक त्यांच्याविषयी काय काय बोलत होतेच. त्यांनी त्याच नावाने आत्मकथन केले. ते शब्दांकित केले अरुण साधू यांनी. १९७० साली पुस्तक आले, १९७१ साली त्या गेल्या. नवरा, दारू, फसवणूक, स्वतःचा हट्ट, सारे त्यांनी सांगितले. त्यावर बेनेगल यांनी १९७७ साली 'भूमिका' काढला आणि स्मिता पाटील यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. दुःख हंसाबाईंनाही आद्रियानाइतकेच होते. फरक एवढाच, की त्यांची गोष्ट त्यांच्या तोंडची राहिली.

आता टॉकीजची गरज उरली नाही. आमच्या मोहल्ल्यातल्या मुली ओढणी सावरत मोबाईलवर रील करतात. काही चेहरा दाखवतात, काही नुसता आवाज. खाली अनोळखी माणसे वाटेल ते लिहितात आणि घरातली माणसे ते वाचून मुलीचा मोबाईल काढून घेतात. मोबाईल घेण्याआधी तिला एकदा शेजारी बसवून विचारायला काय हरकत आहे, की बेटी, तुला काय सांगायचे होते?

उत्तर पटेलच असे नाही. पण ते तिचे असेल.