तटाबाहेरचा तट

मालवणच्या जेट्टीवर उभं राहिलं की सिंधुदुर्ग इतका जवळ दिसतो, की पोहत जावं असं वाटावं. मध्ये पाणी ते किती! पण ओहोटी लागलेली असली, तर होडी सरळ किल्ल्याकडे जातच नाही. आधी भलतीकडेच तोंड करते, थोडी रेंगाळते, मग अचानक वळसा घेऊन वेग धरते. डावीकडे दोन हातांवर पाणी उगाचच पांढरं होतं आणि पुन्हा निवळतं. तिथे खडक आहे हे सांगितल्याशिवाय कळत नाही.

मी सकाळी पहिल्या होड्यांच्या वेळेला पोचले, तेव्हा जेट्टीवर गर्दी नव्हती. "एका माणसासाठी होडी सोडूक परवडणा नाय. माणसां जमांदेत, मग सोडूया," होडीवाल्यानं सांगून टाकलं. अर्ध्या तासानं इचलकरंजीचं एक भरलेलं कुटुंब आलं, मागून कॉलेजची पाच-सहा पोरं आली आणि आमची होडी भरली. "एकट्याच?" त्यानं मला विचारलं. एकटीच, म्हटलं. "बरा. मदी बसा." एकट्या बाईला या प्रश्नानंतर सहसा अजून चार प्रश्न येतात. इथे ते आले नाहीत. त्याचं लक्ष पाण्याकडे होतं.

केरळात अलेप्पीला कालव्यांतून फिरताना दोन्ही काठ दिसत असतात, चुकायचं म्हटलं तरी चुकता येत नाही. मालवणातही पाण्यातून जाणाऱ्या वाटा आहेत, अरुंद आणि नागमोडी, पण त्यांचे काठ पाण्याखाली आहेत. किनाऱ्यापासून किल्ल्याच्या पलीकडेपर्यंत खडकांची दाट पेरणी आहे. काही भरतीला बुडतात, सुकतीला डोकं काढतात. काही कधीच दिसत नाहीत आणि खरी भीती त्यांचीच. खडक कुठे आहेत हे लक्षात कसं ठेवता, असं मी विचारलं. सुकाणूवरचा हात न हलवता तो म्हणाला, "खडक खंय आसत ता बघूचा नाय. पाणी कसा फिरता ता बघूचा."

शिवाजी महाराजांनी ही जागा का निवडली याचं एवढं चोख उत्तर मला पुस्तकातही मिळालं नव्हतं. १६६४ साल. जानेवारीत सुरत लुटून झाली होती, हातात पैसा होता. समुद्रावर मात्र सत्ता इतरांची होती. उत्तरेला जंजिऱ्याचा सिद्दी, दक्षिणेला गोव्यात पोर्तुगीज, आणि अगदी शेजारी वेंगुर्ल्याला डचांची वखार. या सगळ्यांकडे मराठ्यांपेक्षा मोठी जहाजं होती, लांब पल्ल्याच्या तोफा होत्या. मोठ्या जहाजाला खोल पाणी लागतं. किल्ला ज्यावर उभा आहे त्या कुरटे बेटाभोवती खोल पाणी आहे, पण तिथवर यायची वाट माहीत असेल त्यालाच. २५ नोव्हेंबर १६६४ ला किनाऱ्यावरच्या मोरयाच्या धोंड्याची पूजा होऊन किल्ल्याचा पाया घातला गेला. बांधकामाची जबाबदारी हिरोजी इंदुलकरांकडे होती, तेच पुढे रायगड बांधणारे. तीनेक वर्षांत काम पुरं झालं. मोरयाचा धोंडा आजही आहे. गणपती, सूर्य, चंद्र कोरलेला. किल्ला बघून परतणाऱ्यांपैकी फार थोडे तिकडे फिरकतात.

होडी जवळ येत गेली तसा तट वाढत गेला. जवळपास तीस फूट उंच, बारा फूट जाड, आणि सगळा घेर धरला तर तीन किलोमीटरच्या आसपास. पायाच्या दगडांत शिसं ओतलं होतं म्हणतात. पण दरवाजा कुठे आहे? इचलकरंजीच्या आजोबांनी हे मोठ्यानं विचारलं आणि सगळेच शोधायला लागले. तट सरळ नाही, सापासारखा आतबाहेर वळत जातो, आणि दरवाजा दोन बुरुजांच्या वळणात असा दडवलाय, की अगदी समोर आल्याशिवाय दिसत नाही. दिसतो तेव्हा आपण दोन्ही बुरुजांच्या माऱ्यात आलेले असतो. पोरांपैकी एकानं हे पटकन ओळखलं आणि "मेलो आपण!" म्हणून छातीवर हात ठेवला. सगळे हसले. १६६४ नंतरच्या शंभर वर्षांत इथवर आलेल्या एखाद्या खलाशाला हसू आलं नसणार.

आत गेल्यावर तासाभरात परत या, अशी ताकीद मिळते. पंचेचाळीस-अठ्ठेचाळीस एकरांच्या किल्ल्याला तास म्हणजे चेष्टाच आहे. त्यामुळे लोक दरवाजाजवळ चुन्यात उमटवलेला महाराजांच्या हाताचा आणि पायाचा ठसा बघतात, शिवराजेश्वराच्या देवळात जातात, विहिरीत डोकावतात आणि फोटो काढत परततात. शिवराजेश्वराचं देऊळ राजाराम महाराजांनी १६९५ मध्ये बांधलं. जिंजीच्या वेढ्यात स्वतः अडकलेला राजा इकडे समुद्रात वडिलांचं मंदिर उभारतो, हे माझ्या डोक्यातून बराच वेळ गेलं नाही. औरंगजेबाची फौज दक्षिणेत पसरलेली असताना इथे पूजा लागत होती. ही मूर्ती आपल्या नेहमीच्या चित्रातल्या महाराजांसारखी नाही. घोडा नाही, उगारलेली तलवार नाही. बैठी, शांत, डोक्याला कोळ्यासारखी टोपी.

विहिरी तीन: दूध बाव, दही बाव, साखर बाव. चारी बाजूंना खारं पाणी आणि आत गोडं. याला चमत्कार म्हणायची सवय आहे, पण चमत्कार पावसाचा आहे. कोकणातला धो धो पाऊस बेटात मुरतो, गोडं पाणी हलकं म्हणून खाऱ्याच्या वर तरंगत राहतं, आणि बाव योग्य खोलीपर्यंतच खणली तर वर्षभर पुरतं. जास्त खणली की खारं लागलं. किती खणायचं आणि कुठे थांबायचं हे कुणाला तरी नेमकं कळलं होतं, आणि मला ते चमत्कारापेक्षा मोठं वाटतं. अजूनही काही कुटुंबं किल्ल्यात राहतात. पावसाळ्यात होड्या बंद झाल्या की त्यांचा किनाऱ्याशी संबंध जवळजवळ तुटतो.

तास संपला. परतल्यावर मी त्याच होडीवाल्याशी वेगळा सौदा केला: किल्ल्याला बाहेरून वळसा, पद्मगड, आणि दांडीच्या किनाऱ्याला सोडायचं. आता होडीत मी एकटीच होते आणि भाडं त्याच मानानं होतं.

बाहेरच्या बाजूनं किल्ला वेगळाच आहे. शहराकडचा तट देखणा, समुद्राकडचा मार खाल्लेला. खालचे दगड लाटांनी गोल झालेत, काही ठिकाणी पाया उघडा पडलाय. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोनं मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यात हा आहे, विजयदुर्ग आहे, थेट तमिळनाडूतली जिंजीही आहे. फलक आणि रोषणाई दरवाजाकडच्या बाजूला होईलच, पण पैसा या मागच्या बाजूला लागायला हवा. इथून मागे वळून पाहिलं तर किनाऱ्यावर राजकोट किल्ल्यातला महाराजांचा नवा पुतळा दिसतो. नौदल दिनाच्या निमित्तानं ४ डिसेंबर २०२३ ला आधीच्या पुतळ्याचं अनावरण झालं आणि २६ ऑगस्ट २०२४ ला तो कोसळला. साडेतीनशे वर्षं लाटा झेलणाऱ्या तटासमोर नऊ महिन्यांत पडलेला पुतळा. होडीवाला त्याबद्दल एक वाक्य बोलला, ते छापण्यासारखं नाही.

पद्मगड म्हणजे किल्ल्याशेजारचं छोटंसं बेट. सिंधुदुर्गाच्या मानानं अगदीच लहान, पण इथे जहाजं बांधली आणि दुरुस्त केली जात. सुकतीला दांडीकडून इथे जवळपास चालत येता येतं. म्हणजे लाकूड, सुतार, दोरखंड किनाऱ्यावरून पायी आणायचं आणि भरती आली की बेट पुन्हा बेट. आरमाराच्या इतिहासात हे गोदीचं बेट मागे पडतं, किल्ल्याच्या फोटोत तर ते येतही नाही. पण फेब्रुवारी १६६५ मध्ये महाराज स्वतः जहाजात बसून मालवणहून कर्नाटकातल्या बसरूरवर गेले तेव्हा ताफ्यात तीन मोठी जहाजं आणि पंच्याऐंशी लहान गलबतं होती. सिंधुदुर्गाचा पाया घालून तीन महिनेही झाले नव्हते. किल्ला अर्धामुर्धा, आणि आरमार मोहिमेवर! त्या पंच्याऐंशी गलबतांचे तांडेल कोण होते? गाबीत, भंडारी, कोळी. महाराजांनी किल्ला बांधला हे खरं, पण या पाण्यातली वाट त्यांना याच लोकांनी दाखवली असणार.

इंग्रजांना हे पाणी पचलं नाही. मालवणच्या गलबतांनी त्यांचा व्यापार इतका नासवला, की इथल्या चाच्यांना त्यांनी 'मालवण' हेच नाव देऊन टाकलं. १७६५ मध्ये त्यांनी किल्ला जिंकला आणि फोर्ट ऑगस्टस असं नाव ठेवलं. मग हिशेब केला. शिबंदी ठेवायची तर खर्च परवडेना, पाडायचा तर तट पडेना. शेवटी पुढच्याच वर्षी, ज्यांच्याकडून तो घेतला होता त्या कोल्हापूरकरांकडून पावणेचार लाखांहून जास्त रुपये आणि पुन्हा त्रास न देण्याची हमी घेऊन किल्ला परत केला. हमी कितपत पाळली गेली ते १८१२ च्या तहावरून कळतं, तेव्हा त्यांनी मालवण बंदर कायमचंच मागून घेतलं. फोर्ट ऑगस्टस हे नाव मालवणात कुणाला विचारून बघा.

दांडीला उतरले तेव्हा रापण ओढणं चालू होतं. पहाटे होडीनं समुद्रात अर्धवर्तुळ घालून जाळं सोडलेलं, त्याचे दोन दोर किनाऱ्यावर, आणि प्रत्येक दोराला पंधरा-वीस माणसं. टाच वाळूत रोवायची, मागे झुकायचं, दोन पावलं मागे. मागचा माणूस दोर संपला की पळत पुढे येऊन पाण्याजवळ पुन्हा धरणार. बायका, म्हातारे, शाळेला दांडी मारलेला एक मुलगा. ज्यानं ओढलं त्याला वाटा, असा रापणीचा साधा कायदा आहे. मीही दोर धरला. ओला, खरखरीत, मीठ भरलेला. पाच मिनिटांत तळहात लाल. शेजारच्या मावशींनी माझ्याकडे न बघताच सांगितलं, "हातान नको, आंगान ओढा."

तासाभरानं जाळं आलं. तारली, थोडे बांगडे, चमचमणारी बारीक मासळी आणि खूपसं शेवाळ. एवढ्या माणसांना एवढंसंच. "आधी ह्या जाळ्यात टनावारी गावायचा," एक जण म्हणाला. दोष तो पर्ससीनवाल्यांना देतो, त्या मोठ्या यांत्रिक नौका ज्या झुंडच्या झुंड एका जाळ्यात उचलतात. सरकारनं फेब्रुवारी २०१६ मध्ये पर्ससीनवर निर्बंध घातले. रात्री दिवे लावून होणारी मासेमारीही बंद म्हणून सांगितलं. किनाऱ्यावरची तक्रार मात्र थांबलेली नाही. इथलाच काही समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, त्यावरूनही भांडणं झाली, कारण नियम आधी कुणावर येणार ही भीती रापणवाल्यालाच. मोठ्या जहाजांना इथे शिरता येऊ नये म्हणून कधीकाळी हा किल्ला इथे बांधला गेला. त्याच खडकांच्या आत उभं राहून ही माणसं बाहेरून येणाऱ्या मोठ्या नौकांबद्दल बोलत होती. वाट्यातले चार बांगडे मला देऊ केले. तव्याविना बांगडे घेऊन मी काय करणार? तेच शेजारच्या खाणावळीत दिले आणि दुपारी ताटात परत आले, तिरफळाच्या तिखल्यात.

संध्याकाळसाठी देवबाग. रिक्षानं तारकर्ली ओलांडली की जमीन निमुळती होत जाते, उजवीकडे समुद्र, डावीकडे कर्ली खाडी, आणि मध्ये माडांची, घरांची पट्टी. काही ठिकाणी रस्त्यावरून दोन्हीकडचं पाणी दिसतं. समुद्राच्या बाजूला दगडांचे बंधारे टाकलेत, दर पावसाळ्यात त्यातले काही खचतात. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ याच किनाऱ्यावरून गेलं, तेव्हाच्या मोडलेल्या माडांची खोडं अजून कुठे कुठे दिसतात.

खाडीतली होडी वेगळी. इथे पाणी सपाट, कडेला कांदळवन, त्याच्या मुळांवर खेकड्यांची लगबग. खंड्या एका फांदीवरून दुसरीवर आमच्या पुढे पुढे जात राहिला. पण मालवणात जे खडकांनी केलंय ते इथे वाळू करते. कर्ली सह्याद्रीतून गाळ आणते, समुद्र तो आत ढकलतो आणि मुखाशी वाळूचे दांडे तयार होतात. त्यातल्याच एका दांड्याला आता त्सुनामी आयलंड म्हणतात. तिथे चहाच्या टपऱ्या, मोटारबोटी, केळ्यासारख्या रबरी होड्यांवर किंचाळणारी मंडळी. भरती वाढली की टपऱ्यांचे पाय पाण्यात. आम्ही लांबूनच वळलो, मला पलीकडे कोर्जाईला उतरायचं होतं.

मध्यावर इंजिन घरघरलं आणि होडीवाल्यानं ते झटक्यात वर उचललं. खाली वाळू. हातातल्या बांबूनं तळ चाचपत तो म्हणाला, "हो पट्टो गेल्या वर्सा हंय नाय होतो. पावसाळो झालो की वाट परत शोधूची लागता." उजवीकडे बांबू हातभर बुडला, डावीकडे बांबूबरोबर त्याचा हातही कोपरापर्यंत. तो डावीकडे वळला. कोर्जाईच्या काठाला जेट्टीपर्यंत पाणी पुरणार नव्हतं, हे त्याला माझ्या आधी कळलं होतं.

"ताई, चपला हातात घेवा," तो म्हणाला आणि स्वतः आधी पाण्यात उतरला.