सामाईक विहीर

आमच्या आजोबांच्या वेळीं घराची वांटणी झाली, तिचा कागद अद्यापि आमच्या पेटींत आहे. शेत कोणाकडे, माजघर कोणाकडे, तांब्याचे हंडे किती व कोणास, देवघरांतील पंचायतन कोणीं सांभाळावें, हें सर्व त्यांत बारीक मोडी अक्षरांत नमूद आहे. दोघे भाऊ एकमेकांशीं बोलत नव्हते अशा दिवसांत तो कागद झाला. तथापि त्याच्या शेवटच्या कलमांत एवढेंच आहे कीं, विहीर सामाईक. रहाट व दोर दोघांचा. हें कलम आमच्या पणजीबाईंनीं हट्टानें घालावयास लाविलें, असें घरांतील वडील माणसें सांगत. त्यांचें म्हणणें असें कीं, भांडावयाचें तर ओटीवर भांडा, पण पाणी वांटूं नका. घराला आग लागली तर विहीर कोणाची हें विचारावयास वेळ मिळावयाचा नाहीं.

लहानपणीं ही गोष्ट आम्हीं अनेकदां ऐकली, आणि शिकून शहाणे झाल्यावर विसरलों. कशी विसरलों, तें वाचकांस सांगितल्यावांचून पुढील मजकुरास अर्थ येणार नाहीं.

आमचें घर दोन नगरांच्या शिवेवर आहे. मध्यें एक ओढा. अलीकडचें नगर आमचें, पलीकडचें शेजाऱ्यांचें. दोन्हीकडे पालिका निराळी, घरपट्टी निराळी, आणि अर्थात् आगीचे बंबही निराळे. सन 2008 मध्यें आमच्याकडे एक नागरिकांची सभा भरली. दोन्ही नगरांच्या अग्निशामक दलांनीं एकच दूरध्वनि-कक्ष ठेवावा, आणि आग कोणत्याही हद्दींत लागो, जवळचा बंब प्रथम निघावा, अशी सूचना कोणी मांडली होती. आम्ही त्या सभेंत उठून विरोधांत बोललों. "आपल्या कराच्या पैशानें घेतलेला बंब शेजारच्या गांवीं गेला, आणि त्याच घटकेस आपल्याकडे आग लागली, तर जबाबदार कोण?" असा प्रश्न आम्हीं केला. टाळ्या पडल्या. सूचना बारगळली. आम्ही घरीं आलों तें मोठ्या समाधानांत. आमच्या वहिनी त्या सभेस होत्या; त्या वाटेंत कांहीं बोलल्या नाहींत.

सन 2011 च्या लक्ष्मीपूजनाच्या रात्रीं कोणा मुलाचा बाण आमच्या माळ्यावरील उघड्या खिडकींतून आंत शिरला. माळ्यावर जुनी लांकडें, पोथ्या व गाद्या होत्या. पाहतां पाहतां वरचा मजला पेटला. त्याच मजल्यावरील कोपऱ्याच्या खोलींत आमच्या आत्याबाई दोन वर्षें अंथरुणास खिळून होत्या. आमच्या पुतण्यानें भ्रमणध्वनीवरून 101 फिरविला. आम्ही शिवेवर राहत असल्यामुळें तो पलीकडच्या नगरांत लागला. तेथील गृहस्थानें सभ्यपणें विचारलें, "घर ओढ्याच्या अलीकडे कीं पलीकडे?" ठिकाण ऐकून तो म्हणाला, "मग तें आमच्या हद्दींत येत नाहीं. तुमच्या शहरास कळवा." त्या नगराचें बंबाचें ठाणें आमच्या सज्जांतून दिसतें. लाल रंगाची ती गाडी त्या रात्रीं दिव्यांच्या उजेडांत तशीच उभी होती. आमच्या नगराचा बंब शहराच्या दुसऱ्या टोंकाहून, दिवाळीची गर्दी तुडवीत, चाळीस मिनिटांनीं आला.

त्या चाळीस मिनिटांत घर वांचविलें तें सामाईक विहिरीनें. ज्या चुलत घराशीं आमचें येणेंजाणें केवळ लग्नमुंजींपुरतें उरलें होतें, तेथील मुलें कोणी न सांगतां धांवत आलीं. त्यांनीं आपल्या बाजूची मोटार विहिरीवर लाविली. आमच्या व त्यांच्या बागेच्या नळ्या एकमेकींस जोडल्या आणि खालचा मजला भिजवून ठेविला. त्यांतील दोघांनीं आत्याबाईंस सतरंजींत घालून खालीं आणिलें. आजोबांनीं स्वहस्तें उतरविलेली ज्ञानेश्वरी मात्र गेली.

आत्याबाई त्या रात्रीं वांचल्या; परंतु धूर त्यांच्या छातींत बसला, तो निघाला नाहीं. पौषांत त्या गेल्या. शेवटच्या दिवसांत त्यांनीं आम्हांस एकदां विचारलें, "एवढ्या जवळ बंब असून तो कां रे आला नाहीं?" आम्हीं त्यांच्या पायांवरचें पांघरूण नीट केलें आणि उत्तर दिलें नाहीं. वहिनी दाराशीं उभ्या होत्या. त्यांनींही त्या सभेचा उल्लेख केला नाहीं, आणि आजवर केलेला नाहीं.

दूरध्वनीवरील त्या गृहस्थास आम्ही दोष देत नाहीं. त्यानें नियम पाळला. आणि तो नियम टिकविण्यास आमच्यासारख्यांच्या टाळ्या कारण झाल्या होत्या. त्यानंतर मात्र या विषयावर जें मिळेल तें आम्ही वाचूं लागलों. त्यांतील कांहीं वाचकांपुढें ठेवितों.

अमेरिकेंतील बाल्टिमोर शहरांत 7 फेब्रुवारी 1904 रोजीं, रविवारीं सकाळीं, एका कापडाच्या वखारींत आग लागली. ती सुमारें तीस तास जळत होती, आणि तींत दीड हजारांवर इमारती नष्ट झाल्या. शेजाऱ्यांनीं मदत नाकारली असें नव्हे. वॉशिंग्टनहून बंब रेल्वेवर चढवून आणिले गेले. फिलाडेल्फियाहून, न्यूयॉर्कहूनही माणसें धांवून आलीं. परंतु पाहुण्यांच्या पुष्कळ नळ्यांचे आंटे बाल्टिमोरच्या रस्त्यांतील पाण्याच्या तोट्यांस बसेनात. पाणी आहे, नळी आहे, माणूस आहे, आणि तिघांची गांठ पडत नाहीं! पुढें चौकशी झाली तेव्हां त्या देशांत अशा जोडांचे सहाशेंहून अधिक प्रकार आढळले. 1905 मध्यें सर्व देशासाठीं एक माप ठरविलें गेलें. तरी मनुष्याचा विसराळूपणा असा कीं, 1991 च्या ऑक्टोबरांत ओकलंडच्या टेंकड्यांवर आग भडकली, तेव्हां तेथील तोट्या तीन इंचांच्या आणि मदतीस आलेल्यांच्या नळ्या अडीच इंचांच्या निघाल्या. त्या आगींत पंचवीस माणसें दगावलीं.

दुसरी गोष्ट लंडनची. 1935 च्या नोव्हेंबरांत विंपोल रस्त्यावरील एका डॉक्टरांच्या घरास आग लागून पांच स्त्रिया मृत्यु पावल्या. शेजाऱ्यानें तत्काळ दूरध्वनि उचलला होता. परंतु दूरध्वनि-केंद्रांतील इतर ग्राहकांच्या रांगेंत त्याची हांक अडकून राहिली. त्यानें वर्तमानपत्रांत पत्र लिहून ही हकीकत जाहीर केली. तिचें फळ म्हणून 30 जून 1937 पासून त्या शहरांत संकटासाठीं 999 हा स्वतंत्र क्रमांक सुरू झाला. युद्धाच्या भडिमारांत इंग्लंडास आणखी एक धडा मिळाला. सुमारें सोळाशें निरनिराळीं दलें, त्यांचीं निरनिराळीं साधनें, यांनीं जळत्या शहरांस पुरें पडेना. म्हणून 1941 मध्यें तीं सर्व एका राष्ट्रीय दलांत आणावीं लागलीं.

आम्हीं सभेंत विचारलेल्या प्रश्नाचें उत्तरही आम्हांस सांपडलें, आणि तें इतकें साधें होतें कीं आम्ही ओशाळलों. अमेरिकेंतील फीनिक्स व त्याच्या शेजारच्या नगरांनीं 1970 नंतरच्या दशकांत असा करार केला कीं, हांक कोठूनही येवो, ती एकाच कक्षांत यावी, आणि जो बंब अगदीं जवळ असेल तो हद्द न पाहतां निघावा. एक ठाणें रिकामें झालें कीं मागचा बंब पुढें सरकून त्याची जागा धरतो. आमच्याकडे पंगतींत एक वाढपी आंत गेला कीं दुसरा त्याची ओळ संभाळतो, तसेंच हें. ज्याचा बंब गेला तो उघडा पडत नाहीं. उलट त्याच्या पाठीशीं साऱ्या शेजाऱ्यांचे बंब उभे राहतात.

यांत अडचणी नाहींत असें नाहीं. लहान नगर मोठ्याच्या जिवावर निर्धास्त होऊन स्वतःचा बंब घेणेंच सोडूं शकतें. खर्चाचा हिशेब चोख नसेल तर वर्षाअखेर कुरबुर होते. घटनास्थळीं हुकूम कोणाचा चालावा, हें आधींच ठरलें नसेल तर दोन अधिकारी आगीपुढें उभे राहून वाद घालतील. परंतु हे सर्व प्रश्न शांत वेळीं कागदावर सोडविण्याचे आहेत. आणि कागद कसा लिहावा, हें न शिकलेल्या आमच्या पणजीबाईंस समजलें होतें.

आपल्याकडे आगीशीं झुंजणाऱ्यांच्या धैर्यास कधींच तोटा नव्हता. 14 एप्रिल 1944 रोजीं मुंबईच्या गोदींत दारूगोळ्यानें भरलेल्या जहाजाचा स्फोट झाला, तींत बंबवाल्यांपैकीं 66 जण कामीं आले. त्यांच्या स्मरणार्थ देशभर तो दिवस पाळला जातो. भारतीय मानकामुळें नळीच्या 63 मिलिमीटरांच्या जोडाचें मापही आपल्याकडे रूढ आहे. 2018 पासून 112 हा एकच क्रमांक क्रमानें राज्याराज्यांत आला. म्हणजे आंटे जुळले आहेत. हद्दी जुळावयाच्या आहेत. 1992 च्या घटनादुरुस्तीनें जोडलेल्या परिशिष्टांत अग्निशमन हें नगरपालिकांचें काम म्हणून नोंदलें आहे. तेव्हां शेजारच्या नगराशीं करार करा, असें सांगण्याची जागा फार दूर नाहीं. ती आपल्याच प्रभागाची सभा होय.

आमच्या वाचक कुटुंबांस आमची विनंति एवढीच आहे. आपलें घर कोणत्या ठाण्याच्या हद्दींत येतें आणि खरोखर जवळचें ठाणें कोणतें, हें एकदां पाहून ठेवा. तीं दोन निराळीं निघालीं, तर गप्प बसूं नका. मुलांस केवळ क्रमांक पाठ करवूं नका; घराचा पत्ता व जवळची खूण स्पष्ट सांगण्याची संवय लावा. आणि आळींत वाहनें अशीं लावूं नका कीं आलेला बंब कोपऱ्यावरच अडेल.

गेल्या वर्षीं आमच्या नगरांत तीच सूचना पुनः निघाली. आम्ही पुनः उठलों, आणि 2008 सालीं आपण काय बोललों होतों व त्यानंतर आपल्या घरीं काय घडलें, तें सर्व सांगितलें. या वेळीं टाळ्या पडल्या नाहींत. सूचना दोन्ही पालिकांकडे विचारार्थ गेली आहे. पुढें काय होईल तें होवो. परततांना वहिनी बरोबर होत्या. विहिरीपाशीं आल्यावर त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "भावजी, दोर जुना झाला आहे. त्यांच्याकडे विचारून नवा आणावा म्हणतें."

दुसऱ्याच दिवशीं आम्ही चुलत घरीं गेलों. दोराचे पैसे निम्मे निम्मे ठरले.