वेलांटी दिसली पाहिजे

नवा मॉनिटर घ्यायचा म्हटल्यावर घरात दोन पक्ष पडले. मी दिवसभर मराठी पुस्तकांची प्रुफं तपासते, आणि रात्री चिरंजीव त्याच कॉम्प्युटरवर गेम खेळतात. पडदा २७ इंची, एवढ्यावरच एकमत.

चिरंजीवांना हवा होता २५६० गुणिले १४४०चा. त्यात साधारण ३७ लाख ठिपके, फोर-केमध्ये ८३ लाख. म्हणजे आमच्या जुन्या ग्राफिक्स कार्डाला सव्वादोन पट काम. हिशेब बिनतोड होता, कबूल. पण दुकानात मी दोन्ही पडद्यांवर माझीच फाइल उघडायला लावली (दुकानदाराचा चेहरा बघण्यासारखा!). 'वर्षं' हा शब्द घ्या. रफार आणि अनुस्वार अगदी खेटून बसतात. पहिल्या पडद्यावर इंचाला १०९ ठिपके, तिथे दोघांचा मिळून एक डाग. फोर-केवर १६३; रफार वेगळा, अनुस्वार वेगळा. अक्षरांचा आकार सारखाच ठेवला होता हं, नाहीतर फोर-केवर सगळं मुंगीएवढं दिसतं. विंडोजमध्ये १५० टक्के करून घ्यावं लागतं.

चष्म्याचा नंबर दोन वर्षांत दोनदा वाढलाय. डोळे गेले की माझं काम गेलं. फोर-के घेतला.

आता गेम १९२० गुणिले १०८०वर चालतो. रुंदीत दुप्पट, उंचीत दुप्पट, एका ठिपक्याचे बरोबर चार. भागाकार निःशेष! चिरंजीव तरी कुरकुरतातच. असो. रात्री नऊनंतर पडदा त्याचा, असं ठरलंय.