पन्हा

शिवणयंत्राच्या जाहिरातीत टाक्यांचे प्रकार मोजून सांगतात. साठ टाके, शंभर टाके, काजं, वेलबुट्टी. पण मोठं आणि जाड काही शिवायचं असेल तर कामाचं माप एकच असतं, आणि ते जाहिरातीत शोधावं लागतं. सुईपासून उजवीकडच्या खांबापर्यंतची रिकामी जागा. परदेशात गोधड्या शिवणारे लोक तिला मशीनचा गळा म्हणतात. घरगुती मशीनचा गळा साधारण ६-७ इंचांचा. शर्टाची बाही, ब्लाऊज, पडद्याची कड यांना तो भरपूर होतो. पलंगभर गोधडीचा मध्य शिवायचा झाला तर मात्र अर्धी गोधडी गुंडाळी करून त्या ६ इंचांतून कोंबावी लागते.

या अडचणीवर अमेरिकेत काढलेलं उत्तर म्हणजे लाँगआर्म, लांब हाताचं मशीन. त्याचा गळा दीड-दोन फूट किंवा त्याहूनही मोठा असतो. गोधडी १०-१२ फुटांच्या चौकटीवर रुळांना ताणून लावतात आणि कापड सरकवण्याऐवजी मशीनच मुठींना धरून कापडावरून फिरवतात. जशी पाटीवर पेन्सिल फिरवावी. हात जोरात फिरला तर टाके लांब पडतील आणि रेंगाळला तर बारीक, म्हणून त्यात स्टिच रेग्युलेटर असतो. मशीन किती वेगाने सरकतंय हे तो मोजत राहतो आणि त्या प्रमाणात सुईचा वेग कमीजास्त करतो. तिकडे बऱ्याच जणी वरचं ठिगळकाम घरी करतात आणि थर एकत्र शिवायला लाँगआर्मवाल्यांकडे देतात. मजुरी चौरस इंचावर.

हे सगळं मी रावेतमधल्या आमच्या अकराव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, ऑफिसचा लॅपटॉप मिटल्यावर, तीन महिने वाचत होतो. कारण घरात आजीची ११ लुगडी होती.

आजी गेली तेव्हा तिच्या ट्रंकेत दागिना असा काही निघाला नाही. सुती नऊवारी निघाली, धुवून घडी घातलेली. काही धडकी, काही विरलेली. तीन आत्या, काका आणि आम्ही अशा पाच घरांना आजीची एकेक वाकळ मिळावी असं तेराव्यालाच ठरलं. आमच्या सातारकडच्या घरात गोधडीला वाकळच म्हणतात. एका वाकळीला दोन लुगडी: विरलेलं आत, धडकं बाहेर. पाच वाकळींना दहा. अकरावं, हिरव्या काठाचं, आईने मागितलं आणि कुणी हरकत घेतली नाही. शिवायचं काम आईकडे आलं, कारण आजीच्या हाताखाली ते शिकलेली ती एकटीच.

आईच्या उजव्या अंगठ्याचा सांधा झिजलाय. डॉक्टरांनी सुई बंद करा असं म्हटलं नाही. दिवसाला अर्धा तास, आणि दुखलं की थांबा, एवढंच सांगितलं. मी हिशेब मांडला. लुगड्याचा पन्हा साधारण ४५ इंच. आजीसारख्या बोटभर अंतराने ओळी घातल्या तर ५५-५७ ओळी होतात. प्रत्येक ओळ जेमतेम २ मीटरची, कारण नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर आणि त्याच्या चार घड्या. एका वाकळीत ११४ मीटर धावदोरा. आठ थरांतून एक ओळ जायला आईला अर्धा तास लागायचा. म्हणजे दोन महिने एका वाकळीला. दुखण्याचे दिवस धरले तर पाचांना दीड वर्ष, तेही अंगठा साथ देईल तर. तोच ११४ मीटर मशीनवर ५ मिलिमीटरच्या टाक्याने घातला तर साधारण २३ हजार टाके होतात. मिनिटाला हजार टाके घालणाऱ्या मशीनला कागदावर २३ मिनिटं.

आईला हे आकडे दाखवले. ती म्हणाली, "मशीनची वाकळ कडक होते."

ते खरं आहे, आणि का ते समजून घ्यायला मला बरेच दिवस लागले. हाताच्या धावदोऱ्यात एकच धागा वर-खाली जातो. दोन टाक्यांमध्ये थर एकमेकांवर थोडे सरकू शकतात, म्हणून वाकळ अंगाला बिलगते. मशीनच्या टाक्यात दोन धागे, वरचा रिळाचा आणि खालचा बॉबिनचा, प्रत्येक भोकाशी एकमेकांत अडकतात. शिवण पक्की होते, पण थर जखडले जातात. टाका बारीक आणि ताण जास्त असेल तर वाकळीची चटई होते.

मशीनबद्दल आईचा आक्षेप दुसराही होता, तो तिने नीट सांगितला नाही पण मला कळला. आमच्या गावी मशीनवर शिंपी बसायचा, दुकानात, पैसे घेऊन. वाकळ बायका शिवायच्या, ओसरीवर, दुपारी, गप्पा मारत. एकाच सुई-दोऱ्याची ही दोन वेगळी राज्यं होती. यंत्रांच्या बाबतीत इतके कडक असलेल्या गांधींनी शिवणयंत्राला मात्र सूट दिली होती. १९२४ साली 'यंग इंडिया'त छापलेल्या संवादात त्यांनी सिंगरच्या मशीनचं कौतुक केलंय. बायकोचे शिवताना होणारे कष्ट बघवेनात म्हणून सिंगरने ते शोधलं, अशी ती गोष्ट आहे. प्रत्यक्षात सिंगरचं १८५१चं पेटंट धंद्यासाठी होतं, त्याच्या आधी १८४६ साली एलियास हाऊने पेटंट घेतलेलंच होतं, आणि सिंगरचा संसार काही कौतुकाने सांगण्यासारखा नव्हता. तरी गांधींचा मुद्दा मला पटतो. यंत्र कुणाचे कष्ट हलके करतं, हा प्रश्न आधी. आमच्या घरात त्याचं उत्तर स्पष्ट होतं. एक अंगठा.

मग कोणतं मशीन? माझ्या शीटमध्ये चार रकाने होते.

लाँगआर्म पहिल्याच आठवड्यात बाद व्हायला हवं होतं, पण ते शेवटपर्यंत राहिलं, कारण ते बघायला फार सुंदर असतं. आमचा हॉल १० बाय १५ फूट. १२ फुटांची चौकट मांडली असती तर टीव्ही, सोफा आणि बाबा यांतलं काहीतरी गॅलरीत गेलं असतं. किंमत आयात शुल्क धरून माझ्या छोट्या गाडीच्या पुढे. दुसरा रकाना नव्या घरगुती मशीनचा. तिसरा, गाड्यांची सीट शिवतात त्या मशीनचा. पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यात राहणाऱ्या माणसाला हा पर्याय सहज सुचतो. इथे रेक्झिन शिवणारी मशीन आणि माणसं गल्लोगल्ली सापडतात. या मशीनचा वरचा पाय कापडाबरोबर चालतो, म्हणून थर सरकत नाहीत. वाकळीला तर तेच हवं.

चिंचवडला सीट कव्हर शिवणारे एक काका आहेत, त्यांच्याकडे मी विरलेल्या लुगड्याचा तुकडा घेऊन गेलो. त्यांनी तो उजेडात धरला आणि मशीनखाली घालायलाच नकार दिला. "ही सुई रेक्झिनची आहे. तुझ्या आजीच्या कापडाची चाळण होईल." मग त्यांनी चौथा रकाना सांगितला. कपड्यांच्या कारखान्यातलं साधं सरळ टाक्याचं मशीन. गळा दहा-अकरा इंच, टाका ५ मिलिमीटरपर्यंत, बारीक सुई चालते आणि चार फुटांचं टेबल बरोबरच येतं. कारखाने बंद होतात, बदलतात, तेव्हा अशी मशीन विकायला निघतात. "थर सरकतील ना?" मी विचारलं. ते म्हणाले, "मग कच्चा टाका कशाला असतो?"

त्या रात्री मी शीट उघडली आणि जे माप सगळ्यात आधी लिहायला हवं ते सगळ्यात वर लिहिलं: ४५ इंच. परदेशी गोधड्या शंभर-शंभर इंच रुंद असतात, आत कापसाचा किंवा पॉलिएस्टरचा जाड थर असतो, वर नक्षी वळणावळणाची. लांब हात त्यांना लागतो. आमच्या वाकळीची रुंदी आजीच्या लुगड्याच्या पन्ह्याने, म्हणजे कुठल्याशा मागाने, केव्हाच ठरवून टाकली होती. मधली ओळ शिवताना उजवीकडे साडेबावीस इंच सुती कापड राहणार, त्याची गुंडाळी मनगटाएवढी. ती दहा इंचांतून आरामात जाते. घरगुती मशीनमधूनही गेली असती, पण सव्वा-दीड किलोची वाकळ छोट्या टेबलावरून लोंबते, ओढ बसते आणि टाके वाकडे पडतात. आम्हाला लांब गळ्यापेक्षा मोठं टेबल हवं होतं.

मशीन निवडलं बाबांनी. ते तीस वर्षं भोसरीच्या एमआयडीसीत फिटर होते. पिंपरीतल्या एका दुकानात जुन्या मशीनची रांग लावलेली होती, आणि बाबांनी एकाचीही मोटर सुरू करू दिली नाही. प्रत्येकाचं चाक हाताने हळूहळू फिरवलं, कान जवळ नेऊन. पाचव्या मशीनशी थांबले. "हे घे. याच्यात कुठे अडखळत नाही." रंग उडालेला होता, टेबलाला कुणीतरी चिकटवलेलं गणपतीचं स्टिकर होतं. नवीन सर्व्हो मोटर बसवून वीस हजारांच्या आत काम झालं. खालच्या मजल्यावर हादरे जाऊ नयेत म्हणून बाबांनी पायांखाली रबराचे ठोकळे दिले. मशीन खिडकीशी ठेवलंय. तिथून पवना दिसते, पावसाळ्यात तर बरीच.

पहिले दोन शनिवार आईने फक्त तुकडे शिवून घेतले. टाका ३ वर, ४ वर, ५ वर. धाग्याचा ताण एकेक आटा सैल करत. ओळींमध्ये एका बोटाचं अंतर, मग दोन. प्रत्येक तुकडा मुठीत चुरगाळून सोडायची आणि गालाला लावून बघायची. पाचचा टाका, दोन बोटांचं अंतर, ताण सैल: हे तिने पास केलं. आजी शिवायची तशी नाही झाली, पण चटईही नाही.

आजीची शिवण कडेने सुरू होऊन फिरत फिरत आत जायची. उत्तर कन्नडच्या हल्याळ, यल्लापूर भागातल्या सिद्दी बायकाही त्यांची कवांदी कोपऱ्यापासून सुरू करून कडेकडेने मध्यापर्यंत शिवत जातात, आणि शेवटी चारी कोपऱ्यांना दुमडलेल्या कापडाची फुलं लावतात. मांडीवर घेऊन शिवताना हे सहज जमतं, कारण हाताला गळा नसतो. वाकळ कुठूनही वळवावी. लाँगआर्म एवढी जागा आणि एवढे पैसे खर्चून मशीनला तेच स्वातंत्र्य परत मिळवून देतो. आमच्या मशीनला ते नाही. त्यावर सरळ ओळ शिवायची, संपली की पुढची. म्हणून आम्ही काम वाटून घेतलं. थर मांडून कच्चा टाका आई घालते, लांब लांब, अंगठ्याला न दुखवता. मधल्या ओळी मी शिवतो. आणि चारी कडांनी शेवटच्या दोन फेऱ्या आई हाताने घालते, आजीच्या पद्धतीने, रोज अर्धा तास. उलगडल्यावर हात आधी कडेलाच लागतो.

चार वाकळी झाल्या. ऑफिसमधल्या एकाने फोटो बघून विचारलं, "धंदा का नाही करत? मोठं मशीन घे, लोन मिळेल." फोनवर अजूनही लाँगआर्मच्या जाहिराती येतात, आणि एखाद्या रात्री मी पाच मिनिटं बघतोही. ते मशीन चांगलंच आहे. शंभर इंचांचं काम आलं तर मी पुन्हा शीट उघडेन. पण आमच्या घरातलं काम ४५ इंचांचं आहे आणि ते होतंय. रविवारी सकाळी तेलाचे चार थेंब टाकतो, शटलखालचा कापूस ब्रशने झाडतो, बाबा लांबून ऐकतात.

पाचवी वाकळ आमची स्वतःची, ती मागे ठेवून आईने मध्येच हिरव्या काठाचं लुगडं काढलं. ते मशीनला लावायचं नाही म्हणाली. एकच लुगडं, चार थर, बोटभर अंतर, सगळं हाताने. मी हिशेब केला, पण यावेळी तिला दाखवला नाही. दिवसाला अर्धा तास आणि दुखलं की थांबायचं. धाकट्या आत्याने परवा फोनवर विचारलं, वहिनी, काय करतेस सध्या? आई म्हणाली, "काही नाही, बसलेय." मग फोन स्पीकरवर टाकून तिने सुईत दोरा ओवायला माझ्याकडे दिला.