पेशी तेव्हा काय करत होती?

कॅम्प्टोथेसिन या पेशीमारक औषधाचा शोध चिनी झाडात लागला. 1966 मध्ये त्याची रचना मांडणाऱ्या मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांपैकी वाणी मूळचे नंदुरबारचे. आपल्या सह्याद्रीतल्या नरक्याच्या झाडातही ते सापडतं, आणि त्यापायी नरक्याची बेसुमार तोड झाली.

हे औषध एकट्याने डीएनए तोडत नाही. डीएनएचा पीळ सोडवायला टोपोआयसोमरेज-1 हे एन्झाइम एक धागा कापतं आणि लगेच जोडतं. औषध त्याला कापलेल्या जागी अडकवून ठेवतं. तेवढ्याने फारसं बिघडत नाही. औषध धुतलं की काप भरतो. पण डीएनएची प्रत काढणारी यंत्रणा नेमकी तिथे येऊन आदळली, की दोन्ही धागे तुटतात.

औषध दिल्यावर तासाभराने पेशी फिक्स करून, डीएनए तुटल्याची खूण असलेल्या गॅमा-एचटूएएक्सची अँटिबॉडी लावली की हे डोळ्यांनी दिसतं. एक केंद्रक हिरव्या ठिपक्यांनी गच्च. त्याला खेटून बसलेलं दुसरं जवळजवळ कोरं. डिश तीच, मात्रा तीच. पहिली पेशी प्रत काढत होती, दुसरी नव्हती, एवढाच फरक.

म्हणून डिश किती भरली आहे हे मी आधी बघते. फायब्रोब्लास्ट गर्दी झाली की विभागायचे थांबतात. अशा डिशमध्ये चांगलं औषधही मवाळ ठरतं. शिवाय कॅम्प्टोथेसिन माध्यमात मिसळून ठेवायचं नाही. तिथल्या पीएचला त्याचं लॅक्टोन वलय उघडतं आणि ते निकामी होत जातं. डीएमएसओतला साठा काढायचा, आयत्या वेळी मिसळायचं.

हेला या कर्करोगाच्या पेशींची तऱ्हा वेगळी. त्यांच्यातल्या पॅपिलोमा विषाणूचं ई6 प्रथिन पी53 या पेशीला थोपवणाऱ्या प्रथिनाचा फडशा पाडतं. पी53 शाबूत असलेल्या पेशी अडून बसतात, कधी कायमच्या. हेला विभाजनाआधीच्या जी2 टप्प्यात थांबतात खऱ्या, पण बऱ्याच जणी तुटका डीएनए घेऊनच विभाजनात शिरतात. मग मुख्य केंद्रकाशेजारी छोटी केंद्रकं, म्हणजे मायक्रोन्यूक्लियस, दिसू लागतात.

जिवंत पेशी रंगावरून मोजणाऱ्या चोवीस तासांच्या एमटीटी चाचणीवर माझा भरवसा नाही तो यामुळेच. पुन्हा कधीच न विभागणारी पेशीही जांभळा रंग देते. पक आणि मार्कस यांनी 1956 मध्ये हेलावरच एक्स-किरणांसाठी वापरलेली वसाहत-चाचणी आठवडा-दोन आठवडे खाते, पण खरा हिशेब तीच देते.

तेव्हा ‘इतके टक्के पेशी मेल्या’ असा अहवाल हाती आला, तर आधी तीन गोष्टी विचारा: पेशी कोणती, डिश किती भरलेली आणि मोजणी कितव्या दिवशी?