कायमचा पत्ता

चौतीस वर्षांच्या नोकरीत माझ्या अकरा बदल्या झाल्या. ट्रंकांमागून पत्तेही मुकाट्याने बदलत गेले. बदलला नाही तो एकच: रजा प्रवास सवलतीसाठी सेवापुस्तकात ‘मूळ गाव’ म्हणून नोंदवलेले सातारा आणि तिथले आमचे घर. आई गेल्यापासून नऊ वर्षे ते कुलूपबंद आहे. आता निवृत्तीनंतर मी गुरुग्रामला लेकीजवळ राहतो. परवा धाकट्या भावाने फोनवर पुन्हा विचारले, “घराचं काय करायचं?” मी पुन्हा उत्तर टाळले.

त्या रात्री लेक संगणकाशी झुंजत बसली होती. प्रोग्रॅमला स्मृती पुरत नव्हती.

“आमच्या डॉटनेटमध्ये गार्बेज कलेक्टर असतो, बाबा,” ती सांगू लागली. “निरुपयोगी झालेल्या वस्तूंची जागा तो मोकळी करतो. उरलेल्यांना सरकवून एकमेकींना खेटून बसवतो आणि त्यांचे नवे पत्ते सगळीकडे नोंदवतो.”

“म्हणजे आमचा आस्थापना विभागच की!”

ती हसली. “पण एखाद्या वस्तूचा पत्ता बाहेर, ऑपरेटिंग सिस्टिमला दिलेला असतो. तिला बदलीची वर्दी देता येत नाही. वस्तू मधेच हलली, तर माहिती भलत्याच घरात जाऊन पडेल. म्हणून ती जागीच खिळतात. तिला ‘पिन्ड’ म्हणतात.”

“आणि ते कलेक्टरला कळतं कसं?”

“दोन नोंदींवरून. एखाद्या फंक्शनपुरता खिळा असेल, तर कंपायलरने तशी खूण करून ठेवलेली असते. कलेक्टर स्टॅक तपासताना ती वाचतो. फंक्शन संपलं की तो खिळा आपोआप सुटतो. दीर्घ मुदतीचा खिळा हँडल टेबलात नोंदलेला असतो. दोन्ही पाहून कलेक्टर त्या वस्तूंवर खूण करतो आणि बाकीच्यांना त्यांच्या आजूबाजूने बसवतो. अधेमधे मात्र पोकळ्या राहतात. म्हणून २०२० सालच्या डॉटनेट ५ पासून अशा वस्तूंसाठी वेगळं दालनच दिलंय.”

“मग तुझी अडचण कुठे आहे?”

“टेबलातला खिळा लावणाऱ्यानेच काढायचा असतो. इथे काम कधीच संपलंय. काढायला कुणीतरी विसरलंय.”

ती पुन्हा कामाला लागली. मला मात्र झोप येईना. साताऱ्याचा पत्ता आम्ही कोणासाठी जपला होता? आईसाठी. आमच्या बदल्यांची गावे तिच्या कधी ध्यानात राहिली नाहीत. मुले येतील ती याच दाराशी, एवढेच तिला ठाऊक होते. त्या दाराने कुठे हलायचे नाही, हे तेव्हा योग्यच होते. पण वाट पाहणारे माणूस गेले आणि नोंद तशीच राहिली. तिच्यापायी भावाचा संसार मात्र दोन खोल्यांत अडकून पडला होता.

सकाळी मी भावाला फोन केला. म्हटले, “दिवाळीनंतर येतो. दोन दिवस ओसरीवर बसू, मग कागद करू.” तो बराच वेळ काही बोलला नाही.

दुपारी बँकेचा एक फॉर्म भरायला घेतला. ‘कायमचा पत्ता’ या रकान्यापाशी लेखणी थांबली. तो रकाना अजून कोराच आहे.